सोन्याला टिचकी

बोराटे सर समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी टिचकी मारत आणि मगच तिला हात लावत. स्टीलचा पेला, जिन्याचा कठडा, प्राचार्यांच्या दारावरची पितळी पाटी, लग्नात आहेर म्हणून मांडलेली तांब्याची घागर, सगळ्यांना टिचकी. टिचकी मारली की मान किंचित कलती करायची, डोळे बारीक करायचे आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत जगाला थांबवून ठेवायचं. माणसांना ते टिचकी मारत नसत. पण त्यांची नजर अशी होती की ती मनातल्या मनात मारून झाली असावी आणि आपण काही फार बरे वाजलो नसू, असं वाटत राही.

माझ्याशी त्यांची ओळख माझ्या डब्यामार्फत झाली. स्टाफरूममध्ये मी डबा टेबलावर ठेवला, तर शेजारच्या खुर्चीवर त्याच दिवशी रुजू झालेल्या या गृहस्थांनी झाकणावर टिचकी मारली, मान कलती केली आणि नाव-गाव काही न सांगता म्हणाले, "मॅडम, झाकण एका बाजूनं धरलेलंच नाही. आमटी बाहेर येणार."

मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायला मी जी नजर वापरते, ती त्यांच्यावर वापरली. त्यांना ती लागली नाही. दुपारी वर्गात पिशवी उघडली, तर आमटी पत्रलेखनाच्या पेपरांवर पसरलेली. त्या सत्रात काही मुलांना गुण मी दिले, काहींना आमटीने दिले. कुणाची तक्रार आली नाही.

आमचं कॉलेज चाकणच्या बाहेर, एका अंगाला फोर्जिंगचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला कांद्याची गोदामं अशा निसर्गरम्य ठिकाणी वसलेलं. कारखान्यातला हातोडा पडला की आमच्या कपातल्या चहावर वर्तुळं उठत. संस्थेच्या माहितीपुस्तकात याला 'उद्योगजगताशी थेट संपर्क' असं म्हटलं होतं. मी तिथे इंजिनिअरिंगच्या पोरांना 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवायची. म्हणजे ज्यांना बोलायचं नाही त्यांना बोलायला शिकवायचं, गॅदरिंगची नाटकं बसवायची आणि सहकाऱ्यांच्या इंग्रजीतले खड्डे बुजवायचे. अशा बुजवाबुजवीसाठीच बोराटे सरांचा पीएच.डी.चा प्रबंध माझ्या टेबलावर येऊन पडला.

"कशावर आहे हो हे?" मी विचारलं.

"सोन्याच्या काडीवर."

मी खुर्ची पुढे ओढली. सोन्याचा विषय निघाला की मी लक्ष देते.

"केवढी काडी?"

"केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी झोपतील एवढी. तिच्यावर लेझरचा एक झटका मारायचा. ती तापते, लांबते, आकसते, परत लांबते. म्हणजे वाजते."

"ऐकू येतं?"

"छे. कुत्र्यालासुद्धा नाही."

"मग वाजवायची कशाला?"

"तिच्यावर एखादा बारीकसा कण येऊन बसला की सूर उतरतो. किती उतरला त्यावरून कणाचं वजन कळतं. पुढे मागे एखाद्या विषाणूला तराजूत घालता येईल, मॅडम!"

"आणि तुम्ही ही काडी पाहिलीय?"

"मी कशाला पाहू? काड्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत बनतात, लेझरही त्यांचाच. मी काडी कॉम्प्युटरमध्ये बांधतो आणि ती कोणत्या सुरात वाजेल ते आधी सांगतो. त्यांनी मोजलेला सूर आणि मी काढलेला सूर जुळला, तर काडी आपल्याला समजली."

"म्हणजे पत्रिका जुळवता."

"हो. फक्त आमच्यात नाही जुळली तर तसं सांगतात."

आता या माणसाचं घराणं सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. बोराटे मंडळी रहाटणीची मूळची. जिथे आजोबांनी ज्वारी काढली तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि टॉवरच्या बदल्यात जे आलं ते थोरले बंधू संपतराव यांच्या गळ्यात आणि दहाही बोटांत विराजमान आहे. संपतराव बैलगाडा शर्यतीचे शौकीन, पुढच्या महापालिकेचे इच्छुक उमेदवार आणि धाकट्या भावाला बापाच्या जागी. आई-वडील लवकर गेले, नाथाला, म्हणजे आमच्या सरांना, यांनीच वाढवलं. भावाला शिकवायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो काय शिकतोय, ही मात्र त्यांची आयुष्यभराची चिंता होती.

एकदा ते कॉलेजात आले होते. पांढरे शुभ्र कपडे, मागे अत्तराचा लोट. मला म्हणाले, "म्याडम, तुमी त्याचं समदं वाचताय म्हनं. खरं सांगा, सोन्याचंच हाय ना?"

"सोन्याचंच आहे."

"किती सोनं हाय त्यात?"

"दिसणार नाही एवढं."

संपतरावांनी खिन्न होऊन गळ्यातली जाडजूड साखळी चाचपली. "आमी दिसावं म्हनून घालतो, आन ह्यो न दिसनाऱ्या सोन्याला कान लावून बसतो. एका आईची लेकरं हावत ओ आमी."

बोराटे सरांचं एक पालुपद होतं: "कडा कुणी धरल्यात, ते आधी सांगा." त्याचा उगम मला त्यांनी टेबलावर पट्टी ठेवून दाखवला होता. पट्टीचं एक टोक टेबलावर दाबायचं, दुसरं बाहेर काढून छेडायचं. बाहेर जास्त काढली की आवाज खाली, कमी काढली की वर. दाबणारा हात ढिला सोडला तर नुसती खडखड. "पट्टी तीच असते, मॅडम. टोक कुणी आणि किती घट्ट धरलंय, त्यावर सगळं ठरतं. लोक पट्टीला नावं ठेवतात, हाताकडं कुणी बघत नाही."

हे पालुपद ते कुठेही लावत. कुणाचा मुलगा बिघडला, कुणाचं लग्न मोडकळीला आलं, कुठल्या पक्षात फूट पडली, की सर म्हणणार, "कडा कुणी धरल्यात?" आमच्या प्राचार्यांनी एकदा तासभर भाषण केलं आणि कॉलेज लवकरच जागतिक दर्जाचं होणार, असं जाहीर केलं. मग मोठ्या आशेने त्यांनी सरांचं मत विचारलं. सर म्हणाले, "पट्टी खूप लांब आहे, सर. टोक कुणीच धरलेलं नाही." प्राचार्यांनी पहिलं वाक्य कौतुक म्हणून घेतलं आणि दुसऱ्याच्या वेळी हातोडा पडला.

कितीतरी वर्षं सरांचा सूर जुळत नव्हता. त्यांचा वर, प्रयोगशाळेचा खाली. मग काड्यांची मापं नव्याने घ्यायची म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं मागवली, एकेक काडी स्वतः मोजली, ती मापं कॉम्प्युटरला दिली आणि एका सकाळी स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाले, "जुळला." एवढंच. मग टेबलावरच्या प्रत्येक कपाला त्यांनी एकेक टिचकी मारली. शिपायाला वाटलं, चहा हवाय.

त्यानंतर सगळं भराभर झालं. प्रबंध गेला, परीक्षकांचे अनुकूल अभिप्राय आले, तोंडी परीक्षेची तारीख ठरली. ही पदवी त्यांना फार गरजेची होती. त्या वर्षात पीएच.डी. झाली नाही तर नोकरी पक्की करायची नाही, असा संस्थेचा ठराव होता. आणि आमची संस्था पगाराच्या बाबतीत कितीही विसराळू असली तरी ठराव विसरत नसे.

बातमी रहाटणीला पोचली. तोंडी परीक्षा व्हायची आहे, हा तपशील वाटेत कुठेतरी गळून पडला. दुसऱ्या दिवशी चौकात दोन मजली उंचीचा फ्लेक्स उभा राहिला. 'रहाटणीचे भूमिपुत्र, सोन्याचा आवाज ऐकणारे थोर शास्त्रज्ञ डॉ. एकनाथराव बोराटे यांना पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी कानाला मोबाइल लावलेले संपतराव. चोहोबाजूंनी आजी-माजी-भावी नेत्यांची मुंडकी. खाली उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोत, घाबरलेले बोराटे सर.

मी त्यांना फोन करून विचारलं, "अहो, पदवी मिळायच्या आधीच?"

"दादा म्हणतो, नंतर चौकात जागा मिळत नाही. वाढदिवसांचं बुकिंग आहे."

आणि नेमकी इथे रंगमंचावर माझी एंट्री झाली. तोंडी परीक्षेत पडद्यावर दाखवायच्या चित्रांखालचं इंग्रजी मी तपासत होते. एका चित्रात काळीभोर काडी होती आणि तिच्या भोवती करड्या रंगाची धूसर किनार.

"हिला ही झालर कसली?" मी विचारलं.

"साबणासारखा थर असतो. काड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून."

"मग तुम्ही लांबी झालरीसकट मोजली की झालर सोडून? आमच्या शिंपीणबाई परकराची उंची झालरीसकट मोजतात म्हणून विचारते."

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. ते चित्राकडे बघत राहिले. कारखान्याचा हातोडा पडला, चहावर वर्तुळं उठली, विरली. मग अगदी हळू म्हणाले, "झालरीसकट."

जगभर कडांची चौकशी करत हिंडणारा हा माणूस सोन्याची कड कुठे संपते तेच चुकला होता!

पुढचे दोन दिवस ते कॉम्प्युटरसमोरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पट्टी घेऊनच समजावलं. झालर सोडली तर काडी आखूड होते. आखूड पट्टी वरच्या सुरात वाजते. म्हणजे खरी लांबी घातली की त्यांचं गणित परत मोजलेल्या सुराच्या वर जात होतं. मग इतके दिवस जुळत कसं होतं? तर दुसरी चूक होती म्हणून. दागिन्याच्या सोन्यात असंख्य बारीक स्फटिक वाटेल तसे पडलेले असतात, त्यामुळे ते सगळीकडून सारखंच ताठ. काडी मात्र एकाच स्फटिकाची. लाकूड जसं रेषांच्या बाजूने वेगळं आणि आडवं वेगळं, तसं या स्फटिकाचंही असतं. आणि काडी ज्या दिशेने वाढते, नेमक्या त्या दिशेला सोनं बरंच लवचीक असतं. सरांनी गणितात दागिन्याचं ताठ सोनं घातलं होतं. ताठपणाने सूर वर नेला, खोट्या लांबीने तो खाली आणला. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बरोबर उत्तरापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मग आता?" मी विचारलं.

"गाईड म्हणतात, गप्प बसा. परीक्षकांना कळलेलं नाही. पदवी घ्या, मग सावकाश दुरुस्त करा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, प्रबंध मागे घ्यावा. पण मॅडम..." त्यांनी घसा साफ केला. "चौकात फ्लेक्स आहे. दादाला कसं सांगू? तुम्ही येता का बरोबर? तुम्हाला बोलता येतं."

नाटकं बसवणाऱ्या बाईला असं आमंत्रण म्हणजे पर्वणीच. संध्याकाळी मी रहाटणीला हजर. बंगल्याच्या ओसरीत संपतराव झोपाळ्यावर बसलेले. समोर सत्काराच्या तयारीचे फेटे आणि शालींचा ढीग. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनीच सांगून टाकलं.

"दादा, माझं चुकलंय. मी प्रबंध मागं घेतोय."

झोपाळा थांबला. "काय चुकलंय?"

"दोन चुका हायत."

"आन उत्तर?"

"उत्तर बराबर हाय."

संपतरावांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "दोन चुका करून उत्तर बराबर येतंय? मंग तू कॉलेजात काय करतोस? तू तर राजकारनात पायजे!"

"थट्टा न्हाई, दादा. उद्या कुणी दुसऱ्या मापाची काडी घेतली तर माझा हिशेब त्वांडावर पडंल."

"कोन घेतंय रं दुसरी काडी? हितं सोसायटीला पानी न्हाई, आन लोक काड्या मोजत बसनार?" संपतराव उठले. गळ्यातली सगळी संपत्ती एकदम खळखळली. "तुला ठाव हाय का, आख्खं गाव तुला डाक्टर म्हनतंय. काल दोन म्हाताऱ्या गुडघं दाखवायला आल्त्या! फ्लेक्सवर ज्यांचं ज्यांचं फोटू हायत त्यांना काय सांगू? बँजो सांगितलाय, जेवान सांगितलंय. आन नोकरी? ती राहती का?"

"न्हाई राहत."

"तरीबी?"

सरांनी झोपाळ्याच्या कडीला टिचकी मारली. मला वाटलं, आता यांना मार बसतो. पण ते ऐकत होते, आणि का कोण जाणे, संपतरावही थांबले. आवाज पूर्ण विरला तेव्हा सर म्हणाले, "दादा, तू मला शिकवलंस ते बराबर शिकावं म्हनून. मला चुकीचं डाक्टर म्हन्लेलं ऐकू येत राहील. तुला न्हाई येनार. मला येईल."

संपतराव ओसरीच्या टोकापर्यंत गेले. तिथून त्यांना चौकातला फ्लेक्स दिसत होता, कानाला मोबाइल लावलेला स्वतःचा चेहरा. बराच वेळ दोन संपतराव एकमेकांकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, पडदा पाडायची हीच वेळ. पण खरा प्रवेश पुढेच होता.

"लहानपनापासनं टकळी चालूय याची," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "कडा कुनी धरल्यात, कडा कुनी धरल्यात! आरं, तुझ्या कडा मी धरल्यात ना! मी आसताना तू कशापायी खडखडतोयस?" आणि नोकरावर ओरडले, "शिडी काढ रं!"

"दादा, मानसं काढतील की."

"मानसांनी काढला तर गाव म्हनंल, महापालिकेनं उतरवला. माझा फ्लेक्स हाय. मीच उतरवनार."

आणि मग रहाटणीच्या चौकात, ऐन सात वाजता, भाजीवाले, रिक्षावाले आणि कंपनीच्या बसमधून उतरणारी दिवसपाळी यांच्या साक्षीने, पांढऱ्या कपड्यांतले, अंगभर सोन्यातले संपतराव बोराटे शिडीवर चढले आणि आपल्या हाताने आपल्या चेहऱ्याची दोरी सोडू लागले. खालून कुणीतरी विचारलंच, "काय ओ संपतभाऊ, डाक्टरकी रद्द झाली का?"

"रद्द न्हाई!" शिडीवरून आवाज आला. "त्यानं सोताची चूक सोता धरलीय! तुज्या नेत्यानं धरली का कंदी?"

पुढचे प्रश्न आले नाहीत. एका बाजूची दोरी सुटली तसा फ्लेक्स वाऱ्यावर फडफडायला लागला. एक कोपरा सरांनी पकडला, एक मी पकडला. होय, मी, इरकली साडीत. ही संधी मी सोडणार होते थोडीच! वर संपतराव. क्षणभर तो अजस्र फ्लेक्स आम्हा तिघांत ताणला गेला, आणि बोराटे सरांनी मोकळ्या हाताने, स्वतःच्याच फोटोवर, टिचकी मारली.

"काय म्हनतोय?" वरून प्रश्न.

"ढिला हाय, दादा. जरा वढ."

"वढलाय!"

नोकरी अर्थातच गेली. संस्थेने वर्ष संपताच शाल आणि नारळ देऊन सरांना निरोप दिला. प्राचार्यांनी भाषणात त्यांच्या 'सचोटीचा' एवढा गौरव केला की ते त्यांना का काढतायत हे नवीन लोकांना कळेना. सर चाकणमधल्या एका कारखान्यात लागले, सायलेन्सर धरून ठेवणारे थरथरते ब्रॅकेट तपासायला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्यांनी गणित नव्याने मांडलं. झालरीशिवायची काडी, लवचीक सोनं. सूर परत जुळला, या वेळी एकाही चुकीच्या मदतीशिवाय. यथावकाश पदवी मिळाली, आणि दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेने त्यांना बोलावून घेतलं. जायच्या आधी भेटायला आले तेव्हा मी मुद्दाम नवा डबा समोर ठेवला. टिचकी मारली, मान कलती केली, म्हणाले, "आता सगळीकडून धरलंय." एवढं प्रशस्तिपत्रक मला संस्थेने तीस वर्षांत दिलं नाही.

परवा पिंपळे सौदागरला काम होतं, म्हणून वाट वाकडी करून संपतरावांकडे गेले. अंगणात त्यांच्या शर्यतीच्या गाड्यावर तो जुना फ्लेक्स अंथरलेला. नेते, मोबाइल सगळं घडीत गेलेलं. कोपऱ्यातले घाबरलेले बोराटे सर तेवढे वर आलेले.

"खऱ्या पदवीचा फ्लेक्स नाही लावलात?" मी डिवचलं.

"न्हाई लावला. म्हन्लं, परत काय तरी सापडायचं त्याला." ते हसले. मग म्हणाले, "ऐतवारी फोन करतो. काड्या आता अजून बारीक झाल्यात म्हनं. मी म्हन्लं, तू सोता तेवढा बारीक हू नगंस."

सूनबाईने पाणी आणलं. स्टीलचा पेला माझ्यापुढे करण्याआधी संपतरावांचा हात मध्येच थांबला. बोटभर रुंद अंगठी घातलेल्या बोटाने त्यांनी पेल्याला सहज टिचकी मारली. सोनं पेल्यावर आपटलं, ठण्ण झालं. मान कलती झाली. त्यांना पत्ताही नव्हता.

आवाज विरेपर्यंत मी पाण्याला हात लावला नाही.